नव्वद व्होल्टांचा बॅटरी सेट आणि खारा वारा

व्हॉल्व्हचा रेडिओ म्हटलं की बहुतेकांना भिंतीतल्या प्लगला लावलेली वायर, आत पेटलेले नारिंगी व्हॉल्व्ह आणि तापलेल्या लाकडी पेटीचा वास आठवतो. आमच्या घरातला रेडिओ त्या जातीचा नाही. तो बॅटरी सेट आहे. वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला आमचं घर आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी रेडिओ घेतला तेव्हा घरात वीज आलेली नव्हती. वीज नसलेल्या अशा अनेक घरांत त्या काळी हेच सेट होते: चार व्हॉल्व्हचे, जाडजूड बॅटरीच्या खोक्यावर चालणारे, चालू असले तरी आत उजेड न दिसणारे. पुढे ट्रान्झिस्टर आला, ९० व्होल्ट आणि दीड व्होल्टची ती जोडबॅटरी बाजारातून नाहीशी झाली आणि हे सेट माळ्यावर गेले.

प्लगचे सेट लोक हौसेनं दुरुस्त करून घेतात. बॅटरी सेट मात्र ‘त्याची बॅटरी मिळत नाही’ एवढ्या एका वाक्यावर भंगारात जातो, नाहीतर त्याचं पोट रिकामं करून आत ब्लूटूथचा स्पीकर बसवतात. मला ते बघवत नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. बॅटरी ही यातली सगळ्यात सोपी अडचण आहे. समुद्रकाठच्या घरात रेडिओला खरी झळ बसते ती ओलीची आणि मिठाची, आणि ती कुठे कुठे शिरली आहे हे सेटला सेल लावण्याआधीच शोधावं लागतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सॉल्डरिंगची सवय होती, पण व्हॉल्व्हची विद्या शिकले ती कुडाळच्या एका काकांकडून. त्यांचं पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, तरी डबे, बरण्या आणि व्हॉल्व्हची खोकी त्यांनी जपून ठेवली आहेत. मी सेट दाखवायला नेला तेव्हा त्यांनी मागची पाटी काढली, आत नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, “बाई, पयल्यांदा सेल लावू नकात. पयल्यांदा मीटर लावा.” पुढचं सगळं काम या एका सूचनेवर झालं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आमच्या सेटमध्ये डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ असे चार व्हॉल्व्ह आहेत. या नावांतलं पहिलं ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्टचं फिलामेंट, व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार. नऊचा आकडा म्हणजे सात पिनांचा छोटा काचेचा तळ. मधली अक्षरं कामाची. ‘के’वाला व्हॉल्व्ह एरियलवरून आलेली लहर स्वतः तयार केलेल्या लहरीत मिसळतो. त्यातून निघालेली ४५५ किलोहर्ट्झची लहर ‘एफ’वाला मोठी करतो. ‘एएफ’मधला डायोड तिच्यातून आवाज वेगळा काढतो आणि त्याच काचेतला दुसरा भाग तो आवाज वाढवतो. शेवटचा ‘एल’वाला स्पीकर हलवतो. पहिल्या तिघांच्या फिलामेंटला २५ मिलिअँपियर लागतात, शेवटच्याला ५०. सगळे मिळून १२५. विजेवरच्या सेटमध्ये आवाज काढणाऱ्या एकट्या ईएल ८४ व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टवर ७६० मिलिअँपियर घेतो. बॅटरी पुरवून पुरवून वापरता यावी म्हणून या ९६ मालिकेतली तार किती बारीक केली आहे, ते यावरून कळेल. चारही फिलामेंट एकमेकांना समांतर जोडलेली असतात. कुठे तरी तुटकी वायर टेकून, किंवा आतला एखादा कंडेन्सर शॉर्ट होऊन, ९० व्होल्ट त्या बाजूला गेले तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. आज त्यांची जोडी शोधायला महिने लागतात.

म्हणून आधी व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवले. सात पिनांचा व्हॉल्व्ह हलवून काढायचा नाही, सरळ वर खेचायचा. खाऱ्या हवेत पिना सॉकेटला चिकटलेल्या असतात आणि काच पिनेच्या मुळाशी तडकते. सॉकेटमध्ये आयसोप्रोपाईल अल्कोहोलचा एकेक थेंब सोडून ते रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी ते सहज निघाले. मग पिन १ आणि पिन ७ यांच्यामध्ये मीटर लावून फिलामेंट शाबूत आहे का ते पाहिलं. इथे एक सावधगिरी. जुन्या काट्याच्या मीटरमधून ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर या फिलामेंटला झेपणार नाही इतका प्रवाह वाहू शकतो. तपासायला गेलेला माणूसच व्हॉल्व्ह जाळून बसतो. डिजिटल मीटरचा प्रवाह फार कमी असतो, तोच वापरावा. चालू असताना या फिलामेंटचा रेझिस्टन्स ५६ ओहम असतो, कारण १.४ भागिले ०.०२५. थंड असताना तो त्याच्या बराच खाली दिसतो.

तीन व्हॉल्व्ह ठीक निघाले. डीएफ ९६ गेलेला होता.

काकांच्या खोक्यात डीएफ ९६ नव्हता, पण त्याचा थोरला भाऊ डीएफ ९१ होता. पिनांची रचना तीच, काम तेच, फक्त फिलामेंटला २५ ऐवजी ५० मिलिअँपियर लागतात. फिलामेंट समांतर असलेल्या सेटमध्ये तो बिनधास्त चालतो, सेल थोडा लवकर संपतो इतकंच. फिलामेंट एकापुढे एक मालिकेत जोडलेली असतील तर मात्र ही अदलाबदल करू नये, प्रवाहाचा सगळा हिशेब बिघडतो. डीके ९६ गेला असता तर एवढं सोपं नव्हतं. डीके ९१ ची आतली रचना वेगळी आहे आणि भोवतालचं सर्किट बदलावं लागतं.

आता चॅसी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो पत्र्याचा सांगाडा. बटणं काढली, खालचे चार स्क्रू काढले. ते इतके गंजले होते की आदल्या संध्याकाळी तेलाचा थेंब द्यावा लागला. डायलची काच सगळ्यात जपून काढली आणि तिच्या मागच्या बाजूला पाण्याचं फडकं लावलं नाही. मुंबई, दिल्ली, कोलंबो ही नावं काचेच्या मागून रंगानं छापलेली असतात आणि एकदा पुसली की गेली. पुढून कोरड्या मऊ कापडानं पुसली, मागून फक्त ब्रशनं धूळ झाडली.

बाबा, म्हणजे माझे सासरे, हे सगळं खुर्ची टाकून बघत होते. पेटीत त्यांना रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक सापडलं. पूर्वी दर वर्षी पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का आणावा लागे. चॅसीचा हिरवट-पांढरा थर बघून ते म्हणाले, “रेडिओ काय मेलो नाय हा गो. त्येका ओल लागली हा.” अगदी नेमकं निदान होतं ते.

ओल आणि मीठ काय करतात ते मी इथे पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. लोखंडी चॅसी गंजते, पण तो गंज दिसायलाच भयंकर, रेडिओला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्रास होतो तो न दिसणाऱ्या जागी. मेणाच्या कागदाचे जुने कंडेन्सर हवेतली ओल पितात आणि आतून गळायला लागतात, म्हणजे जो प्रवाह अडवायचा तोच थोडा थोडा जाऊ देतात. जास्त ओहमच्या कार्बनच्या रेझिस्टन्सचे ओहम आणखी वर चढतात. मीडियम वेव्ह-शॉर्ट वेव्ह बदलणाऱ्या बँडस्विचचे चांदीचे ठिपके काळे पडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बारीक तांब्याची तार, जिच्यावर धन व्होल्टेज असतं, ती ओलीत हळूहळू विरघळते. आम्ही मुलांना मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून दाखवतो की धन टोकाची पट्टी झिजते. समुद्रकाठच्या रेडिओत तोच प्रयोग वर्षानुवर्षं चालू असतो. सेट वाजत असतो तेव्हा त्या तारेवर ९० व्होल्ट, भोवती दमट हवा आणि तीत मीठ.

कंडेन्सर तपासायला आधी ९० व्होल्ट लागतात, म्हणून बॅटरीचं काम इथेच उरकलं. नऊ व्होल्टचे चौकोनी सेल, दहा नग, एकापुढे एक. त्यांची बटणं एकमेकांत थेट बसतात, वायरचीही गरज नाही. ती माळ एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवली आणि मोकळ्या टोकांवर चिकटपट्टी लावली. सेल छोटे असले तरी ९० व्होल्ट हाताला चांगलाच झटका देतात, घरात लहान मुलं असतील तर विशेष काळजी घ्यावी. सेटला या बाजूनं जेमतेम १० मिलिअँपियर लागतात. रोज तास-दीड तास ऐकलं तर दहा सेलची माळ महिनाभर सहज जाते.

मग प्रत्येक कागदी कंडेन्सरचं एक टोक सोडवून, त्याच्याशी मालिकेत मीटर व्होल्टच्या रेंजवर लावून ९० व्होल्ट दिले. चांगला कंडेन्सर असेल तर मीटर क्षणभर उसळून शून्याकडे उतरतं. आमच्या डीएएफ ९६ आणि डीएल ९६ यांच्यामधल्या कंडेन्सरवर मीटर ६० वर जाऊन तिथेच थांबलं. माझ्या मीटरचा रेझिस्टन्स १० मेगओहम आहे, म्हणजे प्रवाह ६ मायक्रोअँपियर. कंडेन्सरवर उरले ३० व्होल्ट, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स फक्त ५ मेगओहम. नव्या कंडेन्सरचा हा आकडा हजारो मेगओहम असतो.

हा एक कंडेन्सर का महत्त्वाचा, ते सांगितलंच पाहिजे, कारण कोणताही व्हॉल्व्हचा सेट असो, पहिला बदलायचा तो हाच. त्याच्या एका बाजूला आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे, म्हणजे प्रवाह जिथून बाहेर घेतात त्या धन टोकावरचे, सुमारे ४० व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला शेवटच्या व्हॉल्व्हचा ग्रिड, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणारी जाळी. ती एक मेगओहममधून पाचेक व्होल्ट ऋण ठेवलेली असते, त्यालाच बायस म्हणतात. कंडेन्सर गळला की त्या ४० व्होल्टांतले साडेसहा ग्रिडकडे सरकतात आणि ऋण बायस संपतो. मग डीएल ९६ लगाम सुटल्यासारखा प्रवाह ओढतो, आवाज फाटतो, बॅटरी भराभर उतरते आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. विजेच्या सेटमध्ये याच कारणानं आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतात. माळ्यावरून काढलेला सेट ‘बघू वाजतो का’ म्हणून थेट प्लगला लावू नये, त्याचं मोठं कारण हेच.

नवा कंडेन्सर पॉलिएस्टरचा घातला, ०.०१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा. तो आकारानं इतका छोटा असतो की जुन्याच्या नळीत मावतो. केस वाळवायच्या यंत्रानं मेण मऊ करून जुन्याचं आतलं भेंडोळं काढलं, नवा आत सरकवला आणि दोन्ही टोकं मधमाशीच्या मेणानं बंद केली. चॅसी उलटी केली तर जुनेच कंडेन्सर दिसतात. हे न करताही रेडिओ तेवढाच चांगला वाजतो. पण आजेसासऱ्यांच्या वस्तूचा आतला चेहरा तसाच राहावा असं मला वाटलं आणि त्यासाठी वेळ द्यायला माझी तयारी होती. बाकीचे कागदी कंडेन्सरही एकामागून एक असेच झाले. बॅटरीला समांतर असलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकून गेला होता, तो साधा बदलला. रेझिस्टन्समध्ये ४.७ मेगओहमचा एक ९ च्या वर गेलेला, तोही बदलला. कमी ओहमचे बहुतेक जागच्या जागी होते.

खरं झुंजावं लागलं ते पहिल्या आय.एफ. ट्रान्सफॉर्मरशी, म्हणजे ती ४५५ किलोहर्ट्झची लहर पुढच्या व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या गुंडाळ्यांशी. डीके ९६ च्या प्लेटपर्यंत व्होल्टेज जायला जी गुंडाळी आहे, ती मीटरवर तुटलेली दिसत होती. ॲल्युमिनियमचा डबा वर उचलला, भिंगातून पाहिलं तर गुंडाळी स्वच्छ, फक्त टोक जिथे पत्रीला डाग देऊन जोडलं होतं तिथे एक हिरवा ठिपका. मिठानं आणि जुन्या फ्लक्सनं मिळून तार नेमकी तिथे खाल्ली होती. बाहेरच्या बाजूचा अर्धा वेढा उलगडला की जोडायला पुरेशी तार मिळणार होती.

पण ही तार एकसंध नसते. लिट्झ वायर म्हणतात तिला, अनेक अतिबारीक तारा, प्रत्येकीवर वेगळं इनॅमल, वर रेशमाचं वेष्टण. त्यातल्या दोन-तीन जरी डागात आल्या नाहीत तरी ट्रान्सफॉर्मरची धार बोथट होते आणि रेडिओला स्टेशनं वेगळी करता येत नाहीत. ब्लेडनं खरवडायला गेलं तर त्या तुटतात. काकांनी युक्ती दाखवली: स्पिरिटच्या दिव्यावर टोक क्षणभर लाल करायचं आणि लगेच स्पिरिटमध्ये बुडवायचं. सगळ्या तारा लखलखीत तांबूस निघतात, इनॅमल राहत नाही. अर्थात दिवा आणि स्पिरिटची वाटी यांत हातभर अंतर ठेवून आणि वाटीत अगदी थोडं स्पिरिट घेऊन. आधी फुकट गेलेल्या एका कॉइलच्या तारेवर त्यांनी माझ्याकडून सराव करून घेतला. मग खऱ्या तारेवर डाग दिला, आणि मीटरवर गुंडाळी जुळलेली दिसली. नंतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर तपासला, तो सुखरूप होता. दोन्ही ठिकाणी डागांवर थोडं मेण सोडलं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हवा तिथे पोचणार नाही.

स्पीकरचा कागद कसरीनं खाल्ला होता. पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल यांनी भोकं बुजवली. डायलची दोरी तुटलेली होती. त्यासाठी बंदरावरच्या जाळ्यांच्या दुकानातून विणलेला बारीक दोरा आणला. साधी नायलॉनची तंगूस घेऊ नये, ती ताणते आणि चाकावरून घसरते. विणलेला दोरा काटा जिथे नेला तिथेच धरून ठेवतो.

पहिल्यांदा सेल लावण्याची वेळ आली तेव्हा काका मुद्दाम आले. फिलामेंटसाठी टॉर्चचे दोन मोठे सेल समांतर. ताजा सेल दीड व्होल्टच्याही थोडा वर असतो, म्हणून एक ओहमचा रेझिस्टन्स मध्ये घातला. डीएफ ९१ मुळे आता एकूण प्रवाह १५० मिलिअँपियर, म्हणजे त्यावर ०.१५ व्होल्ट पडतात आणि फिलामेंटला हवे तेवढेच पोचतात. ९० व्होल्टांच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टन्स. हा माझ्या मते या सबंध कामातला सगळ्यात मोलाचा रेझिस्टन्स आहे. तो असला की आत कुठेही काहीही टेकलं तरी ९ मिलिअँपियरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही, आणि सर्वांत नाजूक फिलामेंट २५ सोसतं. आधी नुसते ९० व्होल्ट, व्हॉल्व्ह न बसवता, आणि फिलामेंटच्या पिनांवर मीटर. शून्य. मग व्हॉल्व्ह बसवून नुसते दीड व्होल्ट. मग दोन्ही. सगळं जागच्या जागी आहे असं दिसल्यावरच तो १० किलोओहम काढला. ऋण टोकाच्या ४७० ओहमवर ४.७ व्होल्ट दिसले, म्हणजे बरोबर १० मिलिअँपियर. शेवटच्या व्हॉल्व्हचा बायस याच रेझिस्टन्सवर तयार होतो, त्यामुळे हे एक माप सेटच्या तब्येतीबद्दल बरंच काही सांगून जातं.

रेडिओ मात्र बोलला नाही. आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला की स्पीकरमध्ये गुरगुर येत होती, म्हणजे शेवटचे दोन टप्पे जिवंत होते. एरियल हलवली तर काही नाही. तेव्हा संशय डीके ९६ स्वतः तयार करतो त्या लहरीवर गेला. सिग्नल जनरेटर माझ्याकडे नाही, पण त्यासाठी खिशातला साधा ट्रान्झिस्टर पुरतो. सेटचा काटा १००० किलोहर्ट्झवर ठेवला तर आतली लहर १००० अधिक ४५५, म्हणजे १४५५ वर असली पाहिजे. ट्रान्झिस्टर त्याच्याशेजारी ठेवून १४५५ च्या आसपास फिरवायचा. लहर असेल तिथे खरखर एकदम दबते, आणि सेटचं बटण हलवलं की ती जागाही सरकते. आमच्याकडे कुठेच दबली नाही. म्हणजे लहर तयारच होत नव्हती.

व्होल्टेज बरोबर, फिलामेंट बरोबर, कॉइल मीटरवर बरोबर. उरला बँडस्विच. त्याचे काळे ठिपके मी वरवर पुसले होते, पण पत्र्यांच्या आतली बाजू ब्रशला सापडत नाही. ड्रॉइंग पेपरची चिंचोळी पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून प्रत्येक पत्र्याच्या फटीतून ओढली. पट्टी काळी होऊन बाहेर येई, मग नवी. पॉलिश पेपर वापरू नये, चांदीचा मुलामा निघून जातो. पट्ट्या स्वच्छ यायला लागल्या तेव्हा सेल पुन्हा लावले आणि ट्रान्झिस्टर १४५५ वर आणला. खरखर दबली. त्याच क्षणी सेटमधून माणसाचा आवाज यायला लागला. बाबा उठून उभे राहिले. “वाजता गो! वाजता!”

ते स्टेशन पणजीचं होतं, १२८७ किलोहर्ट्झ. आम्हाला ते सगळ्यात जवळ. बाबांच्या लहानपणी ते केंद्र पोर्तुगीजांचं होतं. १९४६ साली ‘एमिसोरा द गोवा’ या नावानं सुरू झालेलं, गोवा मुक्त झाल्यावर आकाशवाणीकडे आलेलं. आमच्या ओटीवर शेजारची माणसं गाणी ऐकायला जमायची आणि आजेसासरे बॅटरी पुरावी म्हणून वेळ ठरवून देत, असं त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. मला ते आधी माहीत नव्हतं.

एरियलकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मग म्हणतात की जुना सेट ओढत नाही. बॅटरी सेटला ती जीव लावून हवी. आमची मूळ तांब्याच्या जाळीची पट्टी छपराखाली होती, पण ती हिरवी पडून तुकडे झालेली. दोन माडांच्या मध्ये नवी तार बांधली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्शुलेटर, आणि माड वाऱ्यात झुलतात म्हणून एका टोकाला कप्पी आणि वजन. अर्थिंग मात्र जुन्या जागीच केलं, न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात जातं तिथे. ती जमीन मे महिन्यातही ओली असते. एरियल घरात येते तिथे एक सुरी-स्विच बसवला आहे, वापर संपला की एरियल थेट अर्थला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. आभाळ भरलं की रेडिओ ऐकायचाच नाही, स्विच खाली.

एवढं करूनही पहिल्या संध्याकाळी घरघर फार होती. ती रेडिओची नाही, घरातल्या एलईडी बल्बांची, मोबाईलच्या चार्जरची आणि इन्व्हर्टरची होती. ही सगळी उपकरणं मीडियम वेव्हवर गोंगाट सोडतात. मग एका रात्री गावातली लाईट गेली, आम्ही इन्व्हर्टरही बंद केला आणि बॅटरी सेट लावला. बँड एकदम निवळला. ११४३ वर रत्नागिरी, १०४४ वर मुंबई, आणि मधल्या जागांत ओळखू न येणाऱ्या भाषा. मुंबई-वेंगुर्ले अंतर मोठं आहे, पण मधला बराचसा मार्ग समुद्रावरून जातो. खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे मीडियम वेव्हची जमिनीलगतची लहर त्यावरून डोंगराळ जमिनीपेक्षा पुष्कळ लांब पोचते. रात्री वातावरणातला खालचा, लहर शोषणारा थर नाहीसा होतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी दूरवरून येतात. जे मीठ रेडिओची तार खातं, तेच समुद्रावरून त्याच्यापर्यंत आवाज आणून पोचवतं, हे मुलांना शिकवताना आता मी आवर्जून सांगते.

पेटीचं पॉलिश दिवाळीनंतर केलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पातळ हात देत गेले. दमट हवेत लाखेवर पांढुरका धुरकटपणा येतो, म्हणून पावसाळ्यात हे काम काढूच नये. पावसाळ्यात रेडिओ ओटीवरून माजघरातल्या कपाटात जातो, सेल काढून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आठवड्यातून एकदा बाहेर काढून तासभर लावते, बँडस्विच आणि आवाजाचं बटण काही वेळा फिरवते.

आय.एफ.च्या कोअरना, म्हणजे गुंडाळ्यांच्या आतल्या पेचासारख्या फिरणाऱ्या गाभ्यांना, मी हात लावलेला नाही, जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरचा सोडून. तोही प्लास्टिकच्या पेचकसानं, एक अशक्त स्टेशन लावून, आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत किंचित फिरवला. ज्याला हात लावायची गरज नाही त्याला लावू नये, विशेषतः मेणानं बंद केलेल्या कोअरना. त्या जागीच मोडतात.

शॉर्ट वेव्ह अजून व्हायची आहे. नवे सेल असताना ती चालते, पण फिलामेंटचं व्होल्टेज १.२ च्या आसपास उतरलं की डीके ९६ वरच्या टोकाला लहर तयार करणं सोडून देतो आणि निम्मा बँड मुका होतो. व्हॉल्व्ह थोडा थकलेला आहे हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे तिथला अभ्रकाचा ट्रिमर, पेच फिरवून जुळवायचा छोटा कंडेन्सर, ज्याच्या पापुद्र्यांत पांढरी ओल दिसते. ट्रिमर काकांकडे मिळाला आहे. डीके ९६ साठी त्यांनी सावंतवाडीच्या एका जुन्या दुकानदाराकडे विचारून ठेवलं आहे. कुणाच्या माळ्यावर बॅटरी सेट असेल आणि तो फेकायचा विचार असेल, तर निदान त्यातले व्हॉल्व्ह सरळ वर खेचून, कापसात गुंडाळून, नावं लिहून ठेवा.